बेलाळीच्या तिथी

"पान बघून घे गं. भोकाचं नको, चिरलेलं नको, जून नको. शेंड्याचं घे, कोवळं, तिन्ही दळं सारखी. देवाला द्यायचं ते उष्टं नसावं, किड्याचंसुद्धा. आणि चतुर्थी, अष्टमी, नवमी, चतुर्दशी, अमावास्या आणि सोमवार, या दिवशी झाडाला हात लावायचा नाही. आदल्या दिवशी तोडून ठेवायचं."

सासूबाई जाऊन एकोणीस वर्षं झाली, पण पानं तोडायची आकडी हातात घेतली की हा आवाज अजून कानामागून येतो. बेल तोडताना मी कधी एकटी नसते.

सोनवेळ्याच्या सिद्धेश्वराभोवती बेलाची सहा झाडं आहेत. नऊ वर्षांपूर्वी आमच्या ह्यांच्या छातीत यंत्र बसवायचं ठरलं, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून मी बोलले होते, यांना घरी आण, मी श्वास असेपर्यंत रोज एकशेआठ बेल वाहीन. हे घरी आले. तेव्हापासून रोज सकाळी सातला सहा झाडं, प्रत्येकी अठरा पानं. कुणा एका झाडावर भार नको म्हणून मीच वाटणी केलेली. हाताच्या आणि आकडीच्या उंचीत त्याहून जास्त अखंड पान मिळतही नाही, अठरासुद्धा शोधावी लागतात. हात न लावायच्या दिवसांची पानं तेवढी देवळातला धोंडू गुरव आदल्या दिवशी शिडीवरून, उंचावरची तोडून ठेवतो.

आमचे हे मात्र मला चिडवायचे. "माझं हृदय बॅटरीवर चालतं गं. बेलाच्या पानावर चालत असतं तर डॉक्टरनं सेलऐवजी झाड नसतं का लावलं?"

"लावलंय की. सहा आहेत," मी म्हणायची.

शाल्मली माझी भाची, माझ्या भावाची मुलगी. फुलपाखरांवर संशोधन करते. वैशाखात ती आमच्याकडे राहायला आली ती सहा पांढऱ्या डब्या घेऊन. डबी तांब्याएवढी. तिला खाली जाळी, वर उन्हाची पट्टी. एकेका बेलाला एकेक बांधली आणि डबीतून बारीक श्वास घेतल्यासारखा आवाज यायला लागला.

"हे काय हुंगतंय?" ह्यांनी विचारलं.

"हुंगतंयच, आतोबा. अगदी बरोबर शब्द."

झालं, त्या यंत्राचं नाव हुंगणी पडलं. शाल्मलीच्या कागदांवर त्याला भलंमोठं नाव होतं, पण दोन महिन्यांत तीही फोनवर तिच्या साहेबांना 'हुंगणीचे आकडे' म्हणायला लागली.

एकदा शेंगा सोलता सोलता तिनं मला सगळं समजावून सांगितलं. प्रत्येक जीव सतत झडत असतो. आपली कातडी झडते, मांजराचा केस झडतो, फुलपाखराच्या पंखावरची पूड झडते. त्या प्रत्येक कणात त्या जिवाची कुंडली असते. पूर्वी ती वाचायला प्रयोगशाळा लागायची, पंधरा-पंधरा दिवस जायचे. हुंगणी हवा ओढते, कण धरते आणि तासाभरात कुंडली वाचून सांगते, इथे कोण कोण येऊन गेलं. फुलपाखराची मादी पानावर टेकली तर ते कळतं. अंडं फुटलं की अळी पहिल्यांदा स्वतःचं कवच खाते, त्याचा चुरा उडतो. म्हणजे कुठल्या पहाटे किती अंडी फुटली तेही कळतं.

"मग काय सापडलं?"

तिनं फोनवर दोन फुलपाखरं दाखवली. काळ्या पंखांवर पिवळट ठिपके, खाली एक तांबडा डाग. लिंबाच्या झाडावर नेहमी दिसणारी.

"ही तर लिंबाळी. दोन्ही तीच."

"सगळ्यांना असंच वाटत होतं आत्या. शंभर-दीडशे वर्षं. पण डावीकडची लिंबाळी आहे आणि उजवीकडची नाही. आठ लाख वर्षांपूर्वी दोघी वेगळ्या झाल्या. आपल्याला सारख्या दिसतात, कारण आपले डोळे कमी पडतात. नराच्या पंखावर एक पट्टी आहे, ती फुलपाखरांना दिसते, आपल्याला नाही. आणि खरा फरक पायांत आहे."

"पायांत?"

"फुलपाखराला चव पायांनी कळते. मादी पानावर उभी राहते, पायांनी चाखते आणि मग ठरवते, इथे अंडं घालायचं की नाही. लिंबाळीचं काय, लिंबू चालतं, कढीपत्ता चालतो, बावची चालते, बेल चालतो. जुनं पान चालतं, कुणी खाल्लेलं चालतं. म्हणून ती अरबस्तानापासून ऑस्ट्रेलियापर्यंत मजेत आहे. तिच्या नावापुढे 'चिंता नाही' असं लिहिलेलं असतं. आणि ही दुसरी फक्त बेलावर येते. त्यातही कोवळा शेंडा, आधी कुणी तोंड न लावलेला. आणि उंच जातच नाही, माणसाचा हात पोचेल तिथपर्यंतच."

"भारी सोवळ्याची दिसते," मी म्हटलं.

शाल्मली हसली. "अगदी तुझ्यासारखी. मी तिला बेलाळी म्हणते."

"आणि तिच्या नावापुढे काय लिहितात?"

"आत्तापर्यंत काहीच नाही. दोघींची एकत्रच मोजणी होत होती ना. थोरलीचा गोतावळा एवढा मोठा की धाकटी संपत चालली तरी आकडा हलायचा नाही. आता वेगळी नोंद झाली." तिनं सोललेले दाणे वाटीत टाकले. "'अतिसंकटग्रस्त'. राज्यभर हुंगण्या लावल्या, पण बेलाळी फक्त इथे सापडली. तुमच्या या सहा झाडांवर."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

"बाकी ठिकाणचे बेल लोकांनी तोडले आत्या. इथले देवळामुळे वाचले. तू रोज झाडाखाली दिवा लावतेस म्हणून कुणी कुऱ्हाड लावत नाही. ती टिकली ती तुझ्यामुळे."

खोटं कशाला सांगू, मला तेव्हा फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी देवासमोर बसल्यावर हात जोडायच्या आधी तीच गोष्ट मनात आली.

मी पानं तोडते हे शाल्मलीला ठाऊक होतं. तिनंच एकदा म्हटलं होतं, "झाडाला लाखभर पानं असतात. तुझी अठरा म्हणजे समुद्रातून चमचाभर."

आषाढ गेला, श्रावण गेला. भाद्रपदातल्या एका मंगळवारी दुपारी शाल्मली ओसरीवर धावत आली. लहानपणी बक्षीस मिळालं की यायची तशी.

"आत्या, सुटलं! चंद्र!"

"अगं, बस आधी. पाणी पी."

पाणी न पिताच ती बोलत सुटली. कोडं असं होतं. बेलाळी रोज येते, रोज अंडी घालते, हुंगणीला तिच्या पायांची खूण रोज मिळते. पण अंडी रोज फुटत नाहीत. दिवसचे दिवस एकही नाही, आणि मग एका पहाटे सहाही झाडांवर एकदम फुटतात. मुंग्या अंडी खात असतील म्हणावं, तर मुंग्या अशा तारखा पाळतील कशा? म्हणून तिनं सगळ्या पहाटा एका कागदावर मांडल्या.

"अर्धा चंद्र होऊन दोन दिवस झाले की फुटतात. मग अमावास्या झाली की फुटतात. पुन्हा अर्ध्या चंद्रानंतर. चार महिने हेच चाललंय! चंद्रावर चालणारं फुलपाखरू जगात कुणी पाहिलेलं नाही. गुरुवारी पुण्याला सगळ्यांसमोर मांडायचंय. साहेब म्हणाले, हे टिकलं तर माझी जागा कायम."

"आणि पौर्णिमेला?"

"तेच तर!" तिचे डोळे चमकले. "पौर्णिमेला नाही. का नाही? कदाचित उजेड जास्त, शत्रूला अंडी दिसत असतील. शोधायचंय अजून. आणि दोनच गोष्टी बसत नाहीत. श्रावणात एका मंगळवारी उगीचच फुटली. आणि आषाढात सलग नऊ दिवस, जून संपताना, नुसता पाऊस पडल्यासारखी अंडी फुटली. तेव्हा चंद्रानं काय केलं होतं कुणास ठाऊक."

ती चहा टाकायला आत गेली. कागद माझ्या मांडीवर राहिला. तारखा इंग्रजी होत्या. मला तारखेवरून काही कळत नाही, तिथीवरून कळतं. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. त्यात पान न तोडायच्या दिवशी मी कुंकवाचं बोट टेकवते, सवयच आहे. तिच्या तारखा एकेक करून लावत गेले.

दशमीची पहाट. प्रतिपदेची पहाट. पुन्हा दशमी.

दशमीच्या मागे दोन लाल बोटं, अष्टमी आणि नवमी. प्रतिपदेच्या मागे दोन लाल बोटं, चतुर्दशी आणि अमावास्या. पौर्णिमेला एकच बोट, आदल्या दिवशीच्या चतुर्दशीचं. पौर्णिमेला मी बेल तोडते.

श्रावणातला तो मंगळवार पाहिला. रविवारी चतुर्थी होती, दुसऱ्या दिवशी सोमवार. दोन बोटं.

आणि जून संपताना? तिथे मी कुंकू लावलंच नव्हतं, पेन्सिलीनं एक लांब रेघ ओढली होती. आमचे चुलत सासरे वारले त्याचं सुतक. दहा दिवस मी देवळात पाऊल टाकलं नव्हतं. नेमाची पानं तेवढे दिवस धोंडू गुरव वाहायचा, आणि तो आपला शिडी लावून मागच्या फांदीची तोडतो, त्याला शेंड्याबिंड्याचं कौतुक नाही.

"शाल्मली," मी आत हाक मारली, "अंडं फुटायला किती वेळ लागतो गं?"

"साठ तास. अडीच दिवस. का?"

"काही नाही. सहज."

एक दिवस हात थांबला तर अंड्याला पुरत नव्हतं. दोन दिवस थांबला तर पुरत होतं. चंद्राचा त्यात काही हात नव्हता. हात माझा होता.

पण खात्री केल्याशिवाय बोलू नये. बुधवारी सकाळी नेहमीसारखी आकडी घेऊन गेले. सहा झाडं, अठरा-अठरा पानं. घरी आल्यावर तबक ओसरीच्या उन्हात ठेवलं आणि ह्यांचं वर्तमानपत्र वाचायचं भिंग घेतलं. एकेक पान उलटसुलट करून पाहिलं. पहिल्या विसांत काही नाही. एकविसाव्या पानाच्या शेंड्याला, अगदी टोकाशी, खसखशीचा दाणा चिकटल्यासारखं काहीतरी. पिवळसर, गोल, चकाकणारं. बोटानं पुसून टाकावं इतकं लहान.

नऊ वर्षं ते मला दिसलं नव्हतं. मी भोकं शोधत होते. भोक नाही म्हटल्यावर पान शुद्ध.

एकशेआठ पानांत सात दाणे निघाले.

शाल्मली दारात उभी होती. कधीपासून, मला कळलं नाही. ती तशीच मागे फिरली, एक हुंगणी सोडून आणली आणि तबकावर धरली. आम्ही तिघं बघत बसलो. हे पण पेपर खाली ठेवून आले. तासाभरानं डबीच्या काचेवर अक्षरं आली.

"सातही बेलाळीची," ती म्हणाली. "लिंबाळीचं एकही नाही."

मग मी कॅलेंडर तिच्यासमोर ठेवलं. लाल बोटं दाखवली, सुतकाची रेघ दाखवली. ती एकेक तारीख बोटानं लावत गेली. तिच्या चेहऱ्यावरून आधी चंद्र उतरला, मग रंग उतरला.

"अठरा पानं," ती हळूच म्हणाली. "मी म्हटलं, समुद्रातून चमचाभर. पण तिला चालणारी पानंच अठरा होती. तू आणि ती, दोघी एकच पान निवडत होतात."

"माझ्यामुळे तुझं उद्याचं सगळं—"

"थांब आत्या. मला विचार करू दे."

ती उठून अंगणात फेऱ्या मारायला लागली. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "सांगायलाच हवं होतं का लगेच? गुरुवार जाऊ द्यायचा."

"मग तिनं सगळ्यांसमोर खोटं सांगितलं असतं. माझ्या हातानं केलेलं चंद्राच्या नावावर."

शाल्मली परत आली तेव्हा तिचा आवाज कोरडा होता. "अजून एक आहे. अशा जिवाला माणसामुळे धोका आहे अशी नोंद झाली की भोवतीचा शंभर मीटरचा घेर बंद होतो. तसा कायदाच आहे आता. पाटी लागते, कॅमेरा लागतो. पानालासुद्धा हात लावायचा नाही. फक्त तू नाही, अख्ख्या गावानं. महाशिवरात्रीलासुद्धा."

"अरे देवा," हे म्हणाले. "गाव आपल्याला वाळीत टाकेल."

"कारण चंद्र असतं तर घेर पडला नसता," शाल्मली म्हणाली. "आणि मला ते इतकं हवं होतं ना आत्या."

तबकात पानं कोमेजायला लागली होती. मी पाण्याचा हबका मारला. सवयीनंच.

"मी तोडणं थांबवते," मी म्हटलं.

म्हटलं खरं, आणि दवाखान्याचा बाक आठवला. श्वास असेपर्यंत, म्हटलं होतं मी.

आणि तेव्हा हे, नऊ वर्षं मला बॅटरीवरून चिडवणारे आमचे हे, खाली बघून पुटपुटले, "अगं, पण... एकदम बंद नको करूस. म्हणजे, मी आपलं सांगतोय."

त्यांचा हात शर्टावरून छातीवर गेला होता, यंत्र बसवलंय तिथे. मी तो हात पाहिला आणि मला रडू आलं आणि हसूही आलं.

"घाबरलात होय?"

"घाबरलो कुठे. नऊ वर्षांची सवय मोडू नये, एवढंच."

"वाहणं बंद नाही करत. तोडणं बंद करते."

हे दोन वेगळे नेम आहेत हे माझ्या त्या क्षणापर्यंत लक्षात आलं नव्हतं. मी देवाला 'वाहीन' म्हटलं होतं. तोडायचं कसं, ते सासूबाईंनी सांगितलं होतं.

मी शाल्मलीकडे वळले. "तू उद्या चंद्र मागे घे. चाळीस दिवस मी झाडाला हात लावणार नाही, हा माझा शब्द. गावातल्या बायकांशी मी बोलते, त्या माझं ऐकतील. चाळीस दिवस रोज अंडी फुटली, पौर्णिमेलासुद्धा, तर तुझं उत्तर पक्कं. मग लिही सगळं, माझ्या नावासकट लिही. कुणामुळे होत होतं तेही, आणि कसं थांबलं तेही. घेर पडायचा तो पडू दे, पण आधी माणूस स्वतः थांबतो का, तेवढं बघू दे त्यांना."

मग तिच्यातली ती जुनी, प्रश्न विचारणारी पोर हळूहळू परत आली. "एका झाडावर मी स्वतः तोडत राहिले तर? तुलना करायला? ... नाही, नको. सहाच तर आहेत." आणि मग, "पौर्णिमा कधी आहे गं?"

"दोन आठवड्यांनी. शनिवारी."

"शनिवारी," ती म्हणाली आणि कागदावर लिहून ठेवलं.

सात पानं तिनं दोऱ्यानं ज्या त्या झाडाच्या शेंड्याला बांधली. मी तोडलेली पानं पहिल्यांदाच परत झाडावर गेली. उरली एकशेएक. सात कमी, म्हणून सवयीनं आकडी उचलली आणि परत खुंटीला लावली.

देवळात उशिराच पोचले. पिंडीवर एकशेएक पानं वाहिली आणि धोंडू गुरवाला विचारलं, "हीच धुऊन उद्या पुन्हा वाहिली तर चालतील का हो?"

"न चालायला काय झालं हेमावहिनी? बेल शिळा होत नाही. सुकला तरी चालतो. तुमच्या सासूबाईंनाच पटायचं नाही. म्हणायच्या, ताजं मिळत असताना देवाला कालचं कशाला वाढायचं?" तो हसला. "आज एवढा उशीर? आणि चेहरा का असा?"

"उद्या सांगते," मी म्हटलं. आणि ती एकशेएक पानं ओच्यात घेऊन घरी आले.

गुरुवारी पहाटे शाल्मली पुण्याच्या बसला निघाली. विजेवरची बस, आवाज न करता आली आणि गेली. जाताना पाया पडली, म्हणाली, "उद्या सकाळपर्यंत ती सात फुटायला हवीत. मी तिथून हुंगणी बघेन. तू मात्र जवळ जाऊन भिंग लावत बसू नकोस."

"नाही गं बाई."

पानं रात्रभर ओल्या फडक्यात होती. मी त्यांना पुन्हा एकदा धुतलं. हे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसले आणि न सांगता एकेक पान पुसून तबकात ठेवायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा.

"एकशेएकच आहेत," ते म्हणाले. काळजी लपवायचा प्रयत्न करत होते, जमत नव्हतं.

"सात झाडावर आहेत. त्याच्याच दारातली झाडं. त्याला मोजता येतं."

"नक्की?"

"नऊ वर्षं मोजतोय तो. तुम्ही चहा घ्या."

पदर खोचला, तबकावर फडकं घातलं. दाराशी खुंटीला आकडी होती. हात आपोआप तिकडे गेला आणि कानामागून आवाज आला, पान बघून घे गं.

"बघितलं सासूबाई," मी मनात म्हटलं.

आकडी खुंटीवरच राहू दिली आणि चपला घालून देवळाकडे निघाले.